ताईसाठी निवडलेली फ्लॉपी

माझ्या मित्राने मला फसवलं, हे वाक्य मी इतक्या वेळा आणि इतक्या लोकांपुढे म्हटलं आहे की ते माझ्या तोंडात आता घासून गुळगुळीत झालं आहे. ते खोटं नाही. पण त्याच्यापुढचं वाक्य मी कधी कोणाला सांगितलं नाही, म्हणून हे लिहीत आहे.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. माझं घर सौंसरला, पण पांढुर्ण्याला स्टेशनजवळ एक खोली भाड्याने घेऊन मी टायपिंगचा क्लास चालवत होतो. तीन हिंदी टाईपरायटर, दोन बाक, भिंतीवर अक्षरांचा तक्ता. आमच्याकडे, मध्य प्रदेशाच्या या टोकाला, घरात मराठी बोलतात आणि ऑफिसात हिंदी लिहितात. सरकारी अर्ज हिंदीत, निकाल हिंदीत, टायपिंगची परीक्षा हिंदीत. लहानपणापासूनची ही सवय, तिचं कोणाला काही वाटत नाही.

त्याच वर्षी माझे भाऊजी गेले. ते सौंसरच्या एका सरकारी ऑफिसात बाबू होते, पांढुर्ण्याहून रोज अप-डाऊन करायचे. ताई तेव्हा सव्वीस वर्षांची, पदरात दोन वर्षांची मुलगी. ऑफिसच्या साहेबांनी भलेपणाने सांगितलं, "नवऱ्याच्या जागेवर तुम्हाला घेता येईल. पण बाबूची जागा पाहिजे तर हिंदी टायपिंगचं सर्टिफिकेट लागेल. येत्या परीक्षेपर्यंत मी जागा धरून ठेवतो. पास नाही झालात तर मग भृत्याची जागा."

भृत्य म्हणजे चपराशी. ताईच्या सासऱ्यांनी त्याच दिवशी ओसरीवर बसून निकाल दिला.

"बाबूच्या खुर्चीवर बसशीन तं जाय. माह्या पोराची खुर्ची हाय ते. पण त्याच ऑफिसात पाण्याचे गिलास उचलशीन, तं या घरात पाय नाही ठेवाचा."

ताई खाली मान घालून म्हणाली, "मामाजी, माहा भाऊ टायपिंग शिकवते. मले काऊन नाही येनार?"

हे तिने माझ्याकडे न बघता म्हटलं. पण मला ते अंगावर शाल टाकल्यासारखं वाटलं.

आता कम्प्युटरचं सांगतो. नागपूरला शिकत असताना माझा एक रूम पार्टनर होता. तो पुढे एका कम्प्युटरच्या दुकानात लागला. त्याचं पत्र आलं की एका कंपनीचं जुनं मशीन निघतं आहे, देवनागरीचं कार्ड बसवलेलं, तुझ्या क्लासला घेऊन टाक, पांढुर्ण्यात पहिला तूच होशील. 'पहिला' हा शब्द मी त्या पत्रात किती वेळा वाचला असेन! तीनपैकी दोन टाईपरायटर विकले आणि नागपूरची पॅसेंजर धरली.

दुकानात मशीनची खोली वेगळी होती, काचेची, एसीची. बाहेर चपला काढून आत जायचं, देवळात जातात तसं. आतले सगळे मोजे घातलेले. माझ्या पायात मोजे नव्हते. आदल्या दिवशी सौंसरला बाबांसोबत संत्र्याच्या बगिच्यात पाणी वळवून आलो होतो. टाचांच्या भेगांत काळी माती बसली होती, ती घासूनही निघाली नव्हती. पांढऱ्या फरशीवर माझे पाय मलाच दिसत होते.

"काय संत्रेवाले, पेटी नाही आणली?" मित्र म्हणाला. "ये, बस खुर्चीवर."

"नाही, तू दाखव. मी पायतो."

मी दाराजवळच्या पायपुसण्यावर उभा राहिलो.

मशीन नुसतं काही करत नाही, त्यात आधी फ्लॉपी घालून सिस्टिम चढवावी लागते, हे मला तिथे समजलं. त्याने दोन फ्लॉपी काढल्या. पहिली घातली. पडदा काळा, कोपऱ्यात एक ठिपका लुकलुकत राहिला. त्याने काहीतरी इंग्रजी अक्षरं मारली, तेव्हा कुठे कागदासारखी जागा उघडली. "यात सगळे हुकूम पाठ करा लागतेत," तो म्हणाला. मग दुसरी घातली. थोडी घरघर झाली आणि पडद्यावर हिरव्या अक्षरांत मराठी आली:

नमस्कार. काय करायचे आहे?

खाली चार ओळी. नवीन पत्र, जुने पत्र, छपाई, बंद करा. आकडा दाबायचा की झालं.

सरकारी कागदावर, पाटीवर, पावतीवर आयुष्यभर हिंदी वाचलेल्या माणसाला एक मशीन मराठीत विचारतं, काय करायचे आहे. मी पायपुसण्यावरच विरघळलो. नागपूरच्या माणसाला त्यात काही वाटलं नसतं, त्याच्याकडे बसची पाटीही मराठीत असते. भोपाळच्या माणसाने ती फ्लॉपी हातात घेतली नसती. आमच्यासारख्या मधल्यांनाच ती भुलवणार होती.

"ही सोपी हाय बे," मित्र म्हणाला. "ज्याले काही येत नाही त्याच्यासाठी हेच. तुह्या बाया-पोरी आठ दिवसांत शिकतीन."

"बटनं तेच हायेत ना? टाईपरायटरचेच?"

"तेच बे. देवनागरी ते देवनागरी."

एवढंच. दोन पावलं पुढे टाकून, खुर्चीवर बसून, एक ओळ टाईप केली असती तर सगळं तिथेच कळलं असतं. मी टायपिंगचा मास्तर होतो. माझ्या बोटांना विचारायला अर्धं मिनिट पुरलं असतं. पण ते पाय घेऊन त्या फरशीवरून जायला मला लाज वाटली. घरी येऊन ताईला सांगितलं, "तासभर बसून पायलं मी. दोन-दोन सिस्टिम चालवून पायल्या. तुह्यासाठी सोपी हाय ते निवडली."

मशीन मी पॅसेंजरमधून आणलं. पडदा गोधडीत गुंडाळून मांडीवर, बाकीचं बाकाखाली. दुसऱ्या दिवशी क्लासमध्ये पूजा झाली. सौंसरहून बाबा आले, टोपलीभर संत्री घेऊन. बाबांनी मुद्दाम ताईच्याच हातून मशीनला हळद-कुंकू लावून घेतलं, दाराबाहेर नारळ फोडला. शेजारचा किराणावाला, दोन शिक्षक, पाच-सहा मुली, सगळे दाटीने उभे.

"टाईप कर काहीतरी," बाबा म्हणाले. "गनपतीचं नाव टाक."

मी बसलो. बोटं ठेवली, न बघता मारली. पडद्यावर जे उमटलं ते कोणत्याच भाषेत नव्हतं. जिथे त असायला हवा तिथे मात्रा, जिथे प तिथे भलतंच व्यंजन. नंतर नीट बघितलं तेव्हा बटणांच्या बोर्डाची रचना समजली: मात्रा सगळ्या डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या हाताला, क च्याच बटणावर ख, ग च्याच बटणावर घ. शाळेच्या बाराखडीसारखं लावलेलं, नव्या माणसाला खरंच सोपं. पण हिंदी टाईपरायटरशी त्याचं काही जमत नव्हतं.

सगळे माझ्याकडे बघत होते. मी हसलो. "नवीन हाय, हात बसाले येळ लागते," म्हटलं. टाळ्या पडल्या. ताईने पेढे वाटले.

म्हणजे मला पहिल्या दिवशी कळलं. दुसऱ्या नाही, दहाव्या नाही, पहिल्या. हे लिहायला मला इतकी वर्षं लागली.

त्याच संध्याकाळी पोस्टातून मित्राला ट्रंक कॉल लावला. तो आधी हसला.

"अबे, ज्याले पहिलेच काही येत नाही, त्याले हा बोर्ड काय अन तो बोर्ड काय? दोन्ही नवेच."

"पन परीक्षा टाईपरायटरवर होते ना! मी तुले इचारलं होतं."

"बरं बरं, चिडू नको. ती काळ्या पडद्याची पाठवतो तुले, तिच्यात टाईपरायटरचा बोर्ड हाय. पंधरा दिवसांत."

पंधरा दिवस झाले, महिना झाला. मी दोन पत्रं टाकली. एकदा स्वतः गेलो तर दुकानात सांगितलं, तो टूरवर आहे. नंतर दुसऱ्याकडून समजलं की ती फ्लॉपी मालकाच्या कपाटात असायची, हा मला ती देऊच शकत नव्हता. जी त्याच्याकडे फालतूची पडून होती ती त्याने मला 'तुझ्यासाठी सोपी' म्हणून चिकटवली. ज्याच्या ताटात मी चार वर्षं जेवलो त्याने असं करावं, याचा राग मला आजही येतो. तो राग खरा आहे. पण मी तो पांघरुणासारखा वापरला.

ताई रोज दुपारी यायची. सकाळचा स्वयंपाक, सासू-सासऱ्यांची जेवणं, मुलीला झोपवणं, हे सगळं उरकून दीड वाजता. पदर खोचून बसायची, आकडा दाबायची, आणि मशीन तिला विचारायचं काय करायचे आहे. पहिल्या आठवड्यात ती त्याला मोठ्याने उत्तर द्यायची, "तुह्या डोक्यावर बसाचं हाय मले, दुसरं काय!" आणि एकटीच हसायची. भाऊजी गेल्यावर तिचं ते पहिलं हसू होतं. दीड महिन्यात ती न बघता टाईप करू लागली. तीन महिन्यांत तिचा वेग माझ्याही पुढे गेला.

आणि मी तिला दाखवू लागलो. क्लास बघायला कोणी आलं, कोणा मुलीचे वडील, कोणी मास्तर, कोणी बँकेतला माणूस, की मी म्हणायचो, "हे पाहा, यांनी आयुष्यात मशीनला हात लावलेला नव्हता." ताई लाजून हसायची आणि बोटं चालवायची. हिरव्या अक्षरांच्या ओळी सरसर उमटायच्या. लोक नावं लिहून जायचे. एक टाईपरायटर उरला होता तो मी दुपारी कोपऱ्यात खोळ घालून ठेवायचो. तिला त्यावर बसवलं असतं तर पुन्हा अ-आपासून सुरू करावं लागलं असतं, आणि पाहुण्यांपुढे अडखळणारी ताई मला नको होती.

एकदा तिनेच विचारलं, "परीक्षा ह्याच्यावरच होते ना रे?"

"मशीन दुसरं राह्यते, ताई. बोर्ड सगळीकडं एकच."

बोलून गेल्यावर लक्षात आलं की हे मी त्या पायपुसण्यावर उभं राहून ऐकलेलं होतं.

परीक्षा छिंदवाड्याला. आमच्याकडे उमेदवाराने आपला टाईपरायटर स्वतः घेऊन जायचा असतो. भल्या पहाटेची बस धरली, टाईपरायटर खोळीसकट माझ्या मांडीवर. सौंसरला बस थांबली तेव्हा ताईने खिडकीतून बोट दाखवलं. "ते पाय, तुह्या भाऊजीचं ऑफिस. दुसरी खिडकी. तिथं बसत होते." मग मांडीवरच्या मशीनकडे बघून म्हणाली, "हे जड झालं असन, दे इकडं थोडा येळ."

घाट लागला. मी ठरवलं होतं, घाट लागला की सांगायचं. मग ठरवलं, घाट संपला की. बोटं हलवत ती मनातल्या मनात सराव करत होती, स्वतःच्या गुडघ्यांवर. डावा हात मात्रा, उजवा हात व्यंजनं. मी ते बघत होतो आणि मला कळत होतं ती कोणतं अक्षर मारते आहे.

एका शाळेच्या हॉलमध्ये परीक्षा होती. मी मशीन टेबलावर ठेवलं, खोळ काढली नाही. निरीक्षक म्हणाले, "साथवाले बाहर." मी बाहेर व्हरांड्यात उभा राहिलो. घंटा झाली आणि चाळीस मशीनं एकदम सुरू झाली, छपरावर गारा पडाव्यात तशी. माझ्या मशीनची घंटी थोडी फुटकी होती, ओळ संपली की वेगळी वाजायची. इतरांच्या घंट्या वाजत होत्या. माझी वाजेना. बऱ्याच वेळाने एकदा वाजली. मग पुन्हा नाही.

ती बाहेर आली तेव्हा तिचे हात पुढे होते, कोपरापासून लांब धरलेले, ओले असल्यासारखे.

"बोर्ड येगळा हाय," ती म्हणाली. "सगळा येगळा हाय. मी एक-एक अक्षर शोधत होती. बाजूची पोरगी पान पलटून राहिली अन मी पहिल्या ओळीवर." आणि मग, "तुले माहीत होतं?"

त्या वेळी खरं बोललो असतो तर काय झालं असतं, मला माहीत नाही. मी म्हणालो, "नाही ताई. त्यानं फसवलं मले. तासभर बसून पायलं होतं, तेव्हा दुसरंच दाखवलं त्यानं."

ती रडली नाही. म्हणाली, "तुही काय चूक मंग." आणि परतीच्या बसमध्ये टाईपरायटर तिनेच मांडीवर घेतला, कारण मी थकलेला दिसत होतो.

तिने भृत्याची जागा घेतली. सासरच्या घरातून बाहेर पडली, माहेरीही आली नाही, मुलीला घेऊन पांढुर्ण्यालाच एक खोली केली, आणि रोज सौंसरची बस. ज्या टेबलावर भाऊजी बसायचे तिथे दुसरा बाबू आला, आणि त्याला पाणी नेऊन देणं हे तिचं काम झालं.

त्यानंतर दोनेक महिन्यांनी रविवारच्या दुपारी माझा मित्र क्लासच्या दारात उभा राहिला. शर्टाच्या खिशात ती काळ्या पडद्याची फ्लॉपी. "मालकाच्या नकळत कॉपी करून आणली बे," म्हणाला. "उशीर झाला, माफ कर." ताई आत बसली होती. तिने त्याला कधी बघितलं नव्हतं, पण ओळखलं. उठून दारात आली.

"तुमीच का ते? तुमाले बहीण हाय का हो घरी?" तिचा आवाज चढला नाही, त्यामुळे जास्त लागत होता. "असन तं तिले सांगा, एका बाईच्या हातचं काम तुमी कसं काढून घेतलं. माहा भाऊ भोळा हाय. तुमाले इश्वासानं इचाराले आला होता तो. नवरा देवानं नेला, त्याची खुर्ची तुमी नेली."

मित्राने माझ्याकडे बघितलं. ट्रंक कॉल त्याला आठवत होता, मला आठवत होता. मी भिंतीवरच्या तक्त्याकडे बघत राहिलो.

त्याला स्टेशनपर्यंत सोडायला मी गेलो. फाटकापाशी तो म्हणाला, "मी लबाडी केली. मान्य हाय. पन पहिल्याच दिवशी तू फोन केला होता बे मले."

"हो."

"मंग चार महिने तू काय करून राहिला होता?"

गाडी आली. त्यानंतर आम्ही भेटलो नाही. घरात, नात्यात, क्लासमध्ये तो नागपूरचा फसवा म्हणून राहिला.

एक गोष्ट मी इथवर लिहिली नाही, मुद्दाम मागे ठेवली. क्लासमध्ये परीक्षेला बसणाऱ्या आणखी चार मुली होत्या, सकाळच्या बॅचच्या. पहिल्याच आठवड्यात मी त्या चौघींना सांगितलं होतं, "कम्प्युटर शिकाची हौस असन तं शिका, पन परीक्षेचा सराव त्या टाईपरायटरवरच करा, बोर्ड येगळा हाय." कारण त्यांचे वडील येऊन मला जाब विचारणार होते. ताई येऊन जाब विचारणार नव्हती. परीक्षेला त्यांच्या वडिलांनी मशीनं भाड्याने नेली; चौघींतल्या तिघी पास झाल्या.

मागच्या महिन्यात मी हे सगळं ताईला सांगितलं. तिची नोकरी अजून आहे, अजून ती त्याच खोलीत राहते, मुलगी लग्न होऊन गेली. सकाळी गेलो, ती डबा भरत होती. फ्लॉपीपासून सुरुवात केली, पूजेचा दिवस सांगितला, ट्रंक कॉल सांगितला. ती डबा भरत राहिली. मला वाटलं, तिने हे कधीच ओळखलं असेल, आणि थोडं हलकंही वाटलं. मग मी सकाळच्या बॅचचं सांगितलं.

तिचा हात थांबला.

"चौघीले सांगतलं होतं?"

"हो."

"म्हंजे मी एकटीच होती."

"हो, ताई."

तिने डब्याचं झाकण लावलं, पिशवीत ठेवला, पायात चपला सरकवल्या. मी खाली बसूनच होतो. एरवी मी आलो की ती मला चहा घेतल्याशिवाय उठू देत नाही.

"उठ," ती म्हणाली. "कुलूप लावाचं हाय मले."